दुसरा अंतरा

आज दिवसभर एकाच ओळीवर बसले होते. चार महिन्यांपूर्वी सुचलेलं गाणं. मुखडा जसाच्या तसा राहिला, पण दुसऱ्या अंतऱ्यात 'परत' हा शब्द काही केल्या समेवर येईना. शेवटी चाल तशीच ठेवली, ओळ बदलली. शब्द आणि चाल दोन्ही आपलीच असली की अडल्यावर विचारायलाही कुणी नसतं.

संध्याकाळी गाणं अपलोड केलं. १२ अक्षर-अंकांचा आयएसआरसी कोड, म्हणजे ध्वनिमुद्रणाची स्वतःची ओळख, मग गीतकार, संगीतकार, गायिका, निर्माती... प्रत्येक रकान्यात माझंच नाव. शब्द-चालीचे हक्क वेगळे आणि ध्वनिमुद्रणाचे वेगळे, हे पहिल्या गाण्याच्या वेळी मला कुणीच सांगितलं नव्हतं. नव्याने लिहिणाऱ्या-गाणाऱ्यांनो, कुठेही सही करण्याआधी हे दोन्ही नीट वाचा, प्लीज.

स्पॉटिफायवर गाणं ३० सेकंद ऐकलं गेलं तरच एक स्ट्रीम मोजतात. म्हणून सुरुवातीची गिटार कापून टाक, असं दोघा मित्रांनी सुचवलं. माझी गिटार ४० सेकंद वाजते. ठेवली. त्या शांततेतूनच पहिला स्वर येतो, आणि तो आजीच्या अंगाईतला आहे.

रात्री आईला फोनवर ऐकवलं. ती बराच वेळ काहीच बोलली नाही. मग म्हणाली, "पुन्हा लाव गं."