जोत्यावरचा जिना

2014 नंतर तालुक्याच्या गावांतल्या ग्रामपंचायतींच्या नगरपंचायती होत गेल्या आणि आमच्याकडे घर बांधणाऱ्याच्या मागे नकाशा मंजूर करून घेणं लागलं. वर्धा जिल्ह्यातल्या अशाच एका गावात मी परवानाधारक अभियंता आहे. लोकांच्या लेखी माझं काम म्हणजे आखीव पत्रिका, मोजणीचा नकाशा, कराची पावती गोळा करायची, फाईल ऑनलाईन चढवायची आणि विकास शुल्क भरायला लावायचं. बांधकाम सुरू करायचा दाखला निघाला की साहेबाचं काम संपलं. त्याच दाखल्यात जोते तपासणीची, म्हणजे पायावरचा चौथरा नकाशाप्रमाणे झाला का ते पाहण्याची, अट असते. ती कोणी वाचत नाही.

त्या दिवशी मी त्यासाठीच गेलो होतो. घरमालक कास्तकार. पाया कापसाच्या पैशातून झाला होता, पुढचं काम कर्जातून. आणि बँकेला जोत्याचं प्रमाणपत्र पाहिजे होतं. उत्तरेच्या बाजूला टेप धरली तर मंजूर नकाशातल्या दीड मीटर मोकळ्या जागेत जिन्याचं जोतं उभं.

"वास्तुवाल्यानं सांगतलं, ईशान्य मोकळी ठेवा," मिस्त्री म्हणाला. "म्हून जिना बाहेर काढला जी. तीन फुटानं काय होते?"

"तुम्ही लिहून द्या साहेब," मालक म्हणाला, "कोण येते इथं मोजाले?"

1966च्या नगररचना कायद्याखाली कशी नोटीस येते ते सांगून पाहिलं. चेहऱ्यावरची माशी हलली नाही.

मग मिस्त्रीला विचारलं, जिन्याचा पाया किती खोल घेतला? तो इकडेतिकडे पाहू लागला. सब्बल मागवून कडेला खणायला लावलं. अडीच फुटांवर काँक्रीट संपलं, खाली सगळी काळी माती. घराचे कॉलम मात्र सहा फूट खाली, मुरमावर. त्यात शेजारच्या कवेलूच्या छपराचं पाणी नेमकं याच पट्ट्यात पडणार. ही माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढी फाटते. घर जागेवर राहील, जिना वरखाली होईल आणि सांध्यात तडा जाईल.

हे मालकाला समजावावं लागलं नाही. जन्मभर त्याच मातीत वखर हाकलेला माणूस. खड्ड्यात उतरला, ढेकूळ हातात कुस्करलं आणि मिस्त्रीवर कडाडला, "रेगडीत ठेवला काय बे जिना?"

वास्तुवाल्याला फोन लागला. तो म्हणे, ईशान्येत नको म्हटलं होतं, घराबाहेर काढा कुठं म्हटलं? नैऋत्येला घ्या, उत्तम.

नैऋत्येला कोठी होती. इतका वेळ चहा देत गप्प असलेल्या मालकीणबाई बोलल्या, "भाव येईपर्यंत कापूस मंग डोक्यावर ठेवू काय?"

शेवटी त्यांनीच ठरवलं: जिना नैऋत्येला आणि कोठी ईशान्येच्या रिकाम्या कोपऱ्यात. वास्तुवाल्याला तेवढं कळवायचं नाही. बाहेरचं जोतं फोडायला मिस्त्रीनं दुपारीच हातोडा उचलला, मजुरी न मागता. सुधारित नकाशा मी दाखल केला. त्यात ईशान्येच्या खोलीवर 'कोठी' असं ठळक लिहिलं आहे.