भोक न पडलेला पो

माळावरचं शेण उचलायला मी पहाटेच निघते. उशीर झाला की पाटी भरत नाही. मृगाचा पाऊस पडून गेला की आमच्या आटपाडीच्या माळावर शेणकिड्यांची जत्राच भरते. आदल्या संध्याकाळी गाईनं टाकलेला पो वरून अख्खा दिसतो, हात घातला की नुसती खपली. आतलं सगळं पळवलेलं, बाजूला उकरलेल्या मातीचे ढीग. उकिरड्यावर काय टाकायचं, कप्पाळ? लग्न होऊन आल्यापासून मी या काळ्या किड्यांना शिव्याच घालत आले.

म्हणून गेल्या पावसाळ्यात मी खूश होते. पो जाड, गोल, जसेच्या तसे. दोन खेपांत पाटी भरायची. आत्यांना (सासूबाईंना आम्ही आत्याच म्हणतो) कौतुकानं दाखवलं, तर त्यांनी काठीनं एक पो उलटा केला आणि म्हणाल्या, "अगं, ह्याला भोक कुठं हाय?"

खरंच नव्हतं. लांबचे, न उचललेले पो तीन आठवड्यांनीही तिथंच पडून होते. वरून वाळून चामड्यासारखे, खाली गवत पिवळं पडलेलं. खिलार गाय त्यांच्या कडेचं गवतही खात नव्हती.

आता आठवलं. पाऊस सुरू व्हायच्या तोंडावर गोचीड फार झाले होते. कानात, कासेजवळ, शेपटीखाली. गावात इंजेक्शन देणाऱ्या पोराला बोलावलं आणि दावणीच्या सगळ्यांना एकदम आयव्हरमेक्टिन टोचून घेतलं. पन्नास किलोला एक मिली असा हिशोब, वजन डोळ्यांनीच. हे औषध दुधातही उतरतं हे त्यानं दुभत्या जर्सीला टोचताना सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. गोचीड मात्र गळाले, त्याबद्दल तक्रार नाही.

मग रात्री मोबाईलवर वाचत बसले. गाईच्या अंगात गेलेलं आयव्हरमेक्टिन बहुतेक सगळं शेणावाटेच बाहेर पडतं, आणि तेही औषध म्हणून जिवंतच. ते जंतांच्या आणि किड्यांच्या नसा-स्नायू लुळे पाडतं. गोचीड कोणता आणि शेणकिडा कोणता, हे त्याला कसं कळणार? इंजेक्शननंतर पहिल्या आठवड्यात शेणात ते जास्त असतं, पण अळ्यांना त्यानंतरही बाधतं. म्हणजे मोठा किडा शेण खाली नेतो, गोळा करून त्यात अंडं घालतो आणि अळीला जन्मापासून विषाचाच घास. 2015 मध्ये स्पेनच्या संशोधकांनी दाखवलं की किडा मरत नाही इतक्या थोड्या औषधानंही त्याचा वास घ्यायचा गुण आणि पायातली ताकद जाते. ज्याला शेणाचा वासच येत नाही तो शेणकिडा काय करणार? त्याच वर्षी या औषधाचा शोध लावणाऱ्या ओमुरा आणि कॅम्पबेल यांना नोबेल मिळालं. आणि ते योग्यच होतं, कारण त्यानं आफ्रिकेत नदीकाठच्या कितीतरी माणसांचे डोळे वाचवले.

इंग्लंडमध्ये ब्रिस्टलच्या दोघांनी 1987 मध्येच हे लिहून ठेवलंय. औषध दिलेल्या वासरांचं शेण शंभर दिवसांनीही बरंचसं तसंच राहिलं, साध्या शेणाची माती होत आली. त्या वासरांच्या पोटात रोज थोडं थोडं सुटणारी गोळी होती, एका इंजेक्शनचा दणका तेवढा नसतो. शिवाय मी काही शास्त्रज्ञ नाही, आमच्याकडे गेल्या पावसाळ्यात मध्येच पंधरा दिवस उघडीपही पडली होती. पण आमच्या बांधापलीकडच्या शेजाऱ्यांच्या बैलांचे पो त्याच उघडिपीत भोकांनी चाळण झाले होते, ते मी स्वतः जाऊन बघून आले.

ऑस्ट्रेलियाची गोष्ट वाचून तर हसूच आलं. तिथले किडे कांगारूच्या कोरड्या लेंड्यांना सरावलेले, गाईचं ओलं शेण त्यांना आवरेना. कुरणंच्या कुरणं शेणानं झाकली, माश्यांनी माणसं हैराण. शेवटी 1960 च्या दशकात सरकारी खर्चानं परदेशातून शेणकिडे आणून सोडायला सुरुवात झाली. जे किडे लोकांनी विमानानं मागवले, त्यांना मी चपलेनं उडवत होते!

यंदा वेगळं केलं. दवाखान्यात शेण तपासून घेतलं. दोनच जनावरांत जंत निघाले. त्यांना फेनबेंडाझोल दिलं, त्याचा या किड्यांना फारसा त्रास नाही. पण त्यानं गोचीड मरत नाहीत, हा घोळ आहेच. आणि गोचिडांवर फवारतात ते डेल्टामेथ्रिनसुद्धा शेणकिड्यांना सोडत नाही. म्हणून आत्या दुपारी गाईजवळ बसून गोचीड वेचतात, डब्यातल्या रॉकेलमध्ये टाकतात. एका कालवडीचे वेचून आवरेनात, तिला मात्र टोचलं. तिला महिनाभर चरायला सोडलं नाही, तिचं शेण रोज गोबरगॅसमध्ये.

परवा मृगानंतर पहिल्यांदा माळावर गेले. पहिलाच पो पायानं ढकलला, तर खपली. दुसराही तसाच, खालून दोन शिंगवाले किडे घाईनं मातीत घुसले. रिकामी पाटी घेऊन घरी आले तर आत्या दारातच उभ्या. म्हणाल्या, "आज शेण न्हाय व्हय?"

"न्हाय," म्हटलं, आणि पाटी उपडी ठेवली.