टोलीडोला कशाला?

अमेरिकेच्या दौऱ्यात कार्यक्रम होतात ते शुक्रवार संध्याकाळ ते रविवार. सोमवारी सकाळी श्रोते आपापल्या कामाला जातात आणि कलाकार तेवढे उरतात. मग पुढच्या शनिवारपर्यंत त्यांना कुणीतरी घरी ठेवून घ्यावं लागतं. डेट्रॉइट आणि कोलंबस यांच्या मधल्या आठवड्यात आमच्या वाट्याला ओहायोतलं टोलीडो आलं ते असं. डेट्रॉइटकरांना सांगितलं तर सगळ्यांचा एकच प्रश्न : “टोलीडोला कशाला?” टोलीडोच्या यजमानांनीही बॅगा उतरवतानाच कबुली दिली, “आमच्या गावात तसं बघण्यासारखं काही नाही हं. शिकागोला नेलं असतं, पण सुट्टी नाही.”

मी पेटीवाला. जाहिरातीत गाणाऱ्या ताईंचा मोठा फोटो असतो आणि खाली बारीक अक्षरात साथसंगत. बघण्यासारखं काही नसणं म्हणजे काय, हे मला सांगावं लागत नाही. त्यामुळे या गावाबद्दल मला न बघताच थोडी आपुलकी वाटायला लागली होती.

बघितल्यावर मात्र ती टिकवायला कष्ट पडले. मॉमी नदी रुंद आणि मातकट. गावाच्या मध्यभागी जुन्या उंच इमारती, त्यांच्यामध्ये मैदानाएवढे पार्किंगचे तुकडे, आणि संध्याकाळी पाचनंतर रस्त्यावर आम्ही आणि सिग्नल. 1970 साली इथे पावणेचार लाखांच्या वर वस्ती होती, 2020 च्या जनगणनेत ती 2 लाख 70 हजारांवर आली. जीप गाड्यांचा कारखाना अजून चालतो. गंमत म्हणजे याच पट्ट्यासाठी 1835 मध्ये ओहायो आणि मिशिगन एकमेकांवर सैन्य घेऊन धावले होते. टोलीडो ओहायोला मिळालं. मिशिगनची समजूत काढायला उत्तरेकडचं एक जंगली द्वीपकल्प त्यांच्या गळ्यात बांधलं, आणि तिथे निघालं तांबं आणि लोखंड! वाटणीत नशीब कुणाचं फळफळेल, सांगता येत नाही.

टोलीडोचा खरा धंदा काचेचा. 1888 मध्ये एडवर्ड लिबी यांनी आपला काचकारखाना मॅसॅच्युसेट्समधून इथे हलवला, कारण इथे जळणाला नैसर्गिक वायू स्वस्त होता. त्यांच्याकडे मायकेल ओवेन्स नावाचा माणूस होता. दहाव्या वर्षी काचेच्या भट्टीवर कामाला लागलेला. त्याने पुढे बाटल्या आपोआप बनवणारं यंत्र काढलं, आणि भट्ट्यांवर राबणाऱ्या त्याच्यासारख्या पोरांची गरज कमी झाली. बाटल्या, खिडक्या, मोटारींच्या काचा, काचतंतू : या गावाने बनवलं ते सगळं दुसऱ्या कशाच्या तरी आत किंवा पुढे बसायला गेलं. मोटारीची काच चांगली असली की तिच्याकडे लक्षच जात नाही, समोरचा रस्ता दिसतो. चांगल्या साथीचंही तसंच. तिच्याकडे लक्ष गेलं तर समजावं की तडा गेलाय.

लिबींच्याच पुढाकाराने 1901 मध्ये सुरू झालेलं कलासंग्रहालय गावात आहे, आणि प्रवेश चक्क फुकट. यजमानांनी त्याचा उल्लेखसुद्धा केला नव्हता. घरापासून दहा मिनिटांवर असलेल्या गोष्टी कुणी पाहुण्याला दाखवत नाही, आम्ही पुण्यात हेच करतो. समोर 2006 मध्ये बांधलेलं काचेचं दालन आहे, भिंतीसुद्धा काचेच्या आणि वळणदार. त्या काचा वाकवून आणल्या मात्र चीनमधून! काचेच्या गावावर काय वेळ आली, असं मनात आलंच.

आतल्या भट्टीवर काच फुंकण्याचं प्रात्यक्षिक चालू होतं. लोखंडी नळीच्या टोकाला नारिंगी गोळा घेऊन एक बाई बाकावर बसली. नळी सतत फिरवायची, थांबली की गोळा एका बाजूला ओघळतो. हात गोळ्याला आकार देण्यात गुंतलेले, मग फुंकणार कोण? नळीच्या दुसऱ्या टोकाशी एक मुलगा गुडघे टेकून बसला होता. बाईंनी हनुवटी जराशी हलवली की तो फुंकायचा, हलकेच, मोजून. त्या थांबल्या की थांबायचा. बाकीचे प्रेक्षक फुगणारा गोळा बघत होते. मी त्या मुलाचे गाल बघत होतो. फुलदाणी पूर्ण झाल्यावर टाळ्या बाईंना मिळाल्या, ते रीतीला धरूनच झालं.

रात्री जेवताना कळलं की जॅझ पियानोवादक आर्ट टेटम टोलीडोचाच. 1909 चा जन्म, एका डोळ्याने दिसायचं नाही, दुसऱ्याने अंधुक. तरी पियानोवर दोन्ही हात असे धावायचे की दोघं वाजवताहेत असं वाटावं. पेटीवाल्याचा डावा हात भात्याला जुंपलेला. त्यामुळे टेटमचा डावा हात ऐकताना मला कौतुकापेक्षा हेवा जास्त वाटतो. 1932 मध्ये गायिका अ‍ॅडलेड हॉल यांनी त्याला साथीसाठी न्यूयॉर्कला नेलं आणि मग जगाला तो माहीत झाला. म्हणजे साथीदारच की! त्या आनंदात शुक्रवारी यजमानांच्या बेसमेंटमधल्या बैठकीत माझा हात जरा मोकळा सुटला. नाट्यपदाच्या मधल्या जागेत मी अशा काही ताना भरल्या की ताईंनी मान वळवून बघितलं. तबलजी खाली बघून हसला.

सकाळी पोहे खाताना मी ताईंना टेटमची सगळी कथा रंगवून सांगितली. टोलीडोचा साथीदार, दौऱ्यावरची गायिका, न्यूयॉर्क, कीर्ती. ताईंनी शांतपणे लिंबू पिळलं.

“आणि त्या बाईंचं पुढे काय झालं?”

“त्या नव्वदीला पोचेपर्यंत गात होत्या, ताई.”

“मग हरकत नाही,” ताई म्हणाल्या. “पण कोलंबसला माझ्या मधल्या जागा मोकळ्या सोड.”