पंप तीनदा धुतला होता

"मॅडम, माह्या पऱ्हाटीले भेंडीचं पान आलं."

फोनवर हे वाक्य ऐकलं की निम्मं निदान तिथेच होतं. कपाशीचं पान पंजासारखं रुंद असतं. त्या पंजाची बोटं लांब आणि अरुंद झाली, शिरा एकमेकींजवळ येऊन सरळ धावायला लागल्या आणि शेंडा पिळवटला, की तो रोग नसतो आणि बियाण्याचा दोषही नसतो. ते टू-फोर-डी असतं. ज्वारी, गहू, मका, ऊस यांतलं रुंद पानाचं तण मारायचं हे औषध कपाशीला इतकं जहरी लागतं की फवारणीच्या पंपात राहिलेला ओलावासुद्धा तिला पुरतो. प्रश्न एवढाच उरतो की ते आलं कुठून, वाऱ्यावरून की पंपातून.

मी यवतमाळ जिल्ह्यात सहाय्यक कृषी अधिकारी आहे, म्हणजे पूर्वीचं कृषी सहाय्यक हे पद. माझ्याकडे सात गावं. पावसाळ्यातला माझा निम्मा दिवस याद्या, अर्ज आणि मोबाइलवर आलेले पानांचे फोटो यांतच जातो. फोटोवर निदान करू नये हे मला कळतं, पण सात गावांत रोज पोचता येत नाही. त्या दिवशी मात्र मी यादी बाजूला ठेवून निघाले, कारण फोन करणाऱ्या काकांचा आवाज बसलेला होता. गेल्या खरिपातली, ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यातली ही गोष्ट.

वावर तीन एकर, सगळी कपाशी, दीड महिन्याची. मी पोचेपर्यंत काकांकडे दोन निदानं जमली होती. कृषी केंद्रवाल्याने पान हातात न घेताच 'व्हायरस' सांगितला होता आणि एक टॉनिक व एक बुरशीनाशक गळ्यात मारलं होतं. दोन्ही बाटल्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, तशाच पडल्या होत्या, एक उघडलेली. याचा मला मनापासून राग येतो. ज्याला व्हायरस म्हणायचं त्यावर बुरशीनाशक कशाला, एवढं तरी विकणाऱ्याने स्वतःला विचारावं. दुसरं निदान काकांचं स्वतःचं होतं. पूर्वेच्या धुऱ्यापलीकडे शेजाऱ्याची ज्वारी होती आणि त्याने जुलैत तिच्यावर तणनाशक मारलं होतं. "त्याच्याच फवाऱ्यानं गेलं माहं वावर," काका म्हणाले. आदल्या संध्याकाळी पारावर चारचौघांत ते शेजाऱ्याला नको ते बोलून आले होते. दोन घरांचा तीस वर्षांचा शेजार होता.

मी आधी पूर्वेच्या धुऱ्यावर गेले. वाऱ्याने तणनाशक आलं असेल तर काठावरची झाडं सगळ्यात जास्त बिघडतात आणि आत जावं तसा त्रास कमी होत जातो. इथे काठाची झाडं ठणठणीत होती. शिवाय जुलैत आपल्याकडे वारा पश्चिमेकडून येतो. शेजाऱ्याच्या वावरातून उडालेलं औषध काकांपासून लांब गेलं असतं, त्यांच्याकडे आलं नसतं.

मग मी पश्चिमेकडून, विहिरीच्या बाजूने, तासं, म्हणजे पिकाच्या ओळी, मोजत आडवी चालायला लागले. हे काम मला आवडतं. झाडं खोटं बोलत नाहीत, फक्त त्यांना क्रमाने विचारावं लागतं. पहिली चार तासं भयंकर होती. शेंडे वाकलेले, नवीन पानं सुतळीसारखी, पाती, म्हणजे फुलांच्या कळ्या, लांबोडकी होऊन गळत होती. पाचव्या तासापासून आठव्यापर्यंत एकही वाकडं पान नाही. नवव्यापासून पुन्हा वाकडं, पण थोडं कमी. मग पुन्हा चार तासं निरोगी. असा पट्टा पुढेपुढे फिका होत गेला आणि सातव्या-आठव्या पट्ट्यात शोधून शोधून एखाद्या शेंड्यावर खूण सापडली. जुनी, खालची पानं सगळीकडे नीट होती. म्हणजे घात एकाच दिवशी झाला होता आणि त्यानंतर फुटलेली पालवी तेवढी बिघडली होती.

मी धुऱ्यावर येऊन बसले आणि काकांना विचारलं, "तुडतुड्याचं औषध मारलं तेव्हा माणसं किती होती?"

"दोन जी. मी अन् एक गडी."

"पंप?"

"माहा एक, त्याचा एक. एका पंपात चार तासं होत होते. एक पंप माहा, एक त्याचा, असेच लागलो होतो विहिरीकडून."

"तुमचा पंप त्याआधी कशाला वापरला?"

काका जरा थांबले. "नाल्यापलीकडं एकरभर ज्वारी हाय ना. तिले गवताचं औषध मारलं होतं. पण त्याले आठ दिवस झाले होते. अन् मॅडम, म्या तीनदा धुतला पंप. तुमीच सांगतलं होतं."

ते तक्रारीच्या सुरात बोलले नव्हते. मी सांगितलेलं त्यांनी केलं होतं आणि तेवढंच ते मला सांगत होते. मला मात्र पुढचा प्रश्न सुचेना.

घरी गेलो. गोठ्याच्या भिंतीला पंप टांगलेला होता, सोळा लिटरचा, बॅटरीवरचा. इतका स्वच्छ पंप मी क्वचित पाहिला आहे. बाहेरून पुसलेला, पट्ट्यासुद्धा धुतलेल्या. टाकीत नाक घातलं, वास नाही. मग लान्सपासून, म्हणजे फवारणीच्या दांडीपासून, नळी सोडवली आणि तोंड नाकाजवळ नेलं. तो उग्र, औषधी वास एकदा ओळखीचा झाला की विसरत नाही. नोझल उघडलं, आतली जाळी बाहेर काढली. तिच्या कडेला पिवळट, चिकट थर बसला होता, नखाने खरवडला तर मेणासारखा निघाला.

"धुतलं कसं होतं?" मी विचारलं.

काकांनी करून दाखवलं. टाकीत दोन तांबे पाणी, झाकण लावून हलवणं, पंप उलटा करून पाणी ओतून देणं. तीनदा. पाणी टाकीच्या तोंडातून आलं आणि टाकीच्या तोंडातूनच गेलं. नळी, दांडी, जाळी, नोझल यांना त्या पाण्याचा स्पर्शही झाला नव्हता.

तरी मला खात्री करून घ्यायची होती, कारण आता प्रश्न शेजाऱ्याचाही होता. काकूंनी परसात टोमॅटोची रोपं केली होती. टोमॅटोही या औषधाला कपाशीसारखाच हळवा. त्यांना सहा रोपं मागितली, दोन डब्यांत तीन-तीन लावली. पंपात दोन लिटर पाणी घेतलं आणि त्यात काकांनी कपाशीवर वापरलं होतं तेच स्टिकर, म्हणजे औषध पानावर पसरवणारं द्रव्य, टाकलं. पंप चालू करून ते पाणी नोझलमधून एका डब्यावर मारलं. दुसऱ्या डब्यावर विहिरीचं साधं पाणी हाताने शिंपडलं. डबे घराच्या दोन टोकांना ठेवले. दुसऱ्या दिवशी सकाळी काकूंचाच फोन आला. पहिल्या डब्यातल्या तिन्ही रोपांनी माना टाकल्या होत्या, देठ खाली वळले होते. दुसऱ्या डब्यातली ताठ होती.

काकांनी ज्वारीसाठी आणलेली तणनाशकाची बाटली मी पाहिली होती. ते एस्टर होतं. टू-फोर-डी दुकानात तीन रूपांत मिळतं: सोडियम क्षार, अमाइन क्षार आणि इथाइल एस्टर. पहिली दोन पाण्यात विरघळतात. एस्टर विरघळत नाही, पाण्यात टाकलं की दुधासारखं होतं आणि तेलासारखं प्लास्टिकला, रबराला धरून बसतं. साधं पाणी त्याच्यावरून तेलकट कढईवरून घसरावं तसं घसरून जातं. नळीच्या आतल्या भिंतीत ते मुरतं आणि आठ दिवस तिथेच राहतं. मग तुम्ही दुसरं औषध भरता, त्यात स्टिकर टाकता, आणि स्टिकरचं कामच मुळी चिकटलेलं पसरवायचं. पाण्याने न निघालेलं तणनाशक ते पहिल्याच पंपाला सोडवून आणतं. म्हणून पहिली चार तासं सगळ्यात वाईट आणि पुढे फिकी. गड्याचा पंप कोणी कधी धुतला नव्हता, पण तो किडीच्या औषधाखेरीज कशालाच वापरला नव्हता. त्याची तासं वाचली. काकांनी मनापासून धुतलेल्या पंपाने त्यांचं वावर नासलं.

'तीनदा धुवा' हे मी कुठून आणलं, त्याचा शोध मी त्याच रात्री घेतला. माझ्या शेतीशाळेच्या वहीत पाच मुद्दे लिहिलेले होते. चौथा: 'रिकामी बाटली तीनदा विसळून ते पाणी पंपात ओतावे, बाटलीला भोक पाडून निकामी करावी.' पाचवा: 'पंप स्वच्छ धुवावा.' तीनदाचा नियम बाटलीचा आहे. बोलता बोलता मी तो पंपाला लावला आणि मग प्रत्येक गावात तसाच सांगत गेले. कोणी हरकत घेतली नाही, कारण ऐकायला ते बरोबर वाटतं.

आमच्या जिल्ह्यात २०१७ च्या हंगामात फवारणीच्या विषबाधेने वीसहून जास्त शेतकरी आणि शेतमजूर गेले, शेकडो दवाखान्यात होते. तेव्हापासून आमचं सगळं बोलणं माणूस वाचवण्याभोवती असतं: मोजे, मास्क, चष्मा, वाऱ्याच्या दिशेने चला, उपाशीपोटी फवारू नका, भर उन्हात फवारू नका. ते तसंच असायला हवं, त्यातलं एक वाक्यही मी कमी करणार नाही. पण पंप धुण्याला त्यात एक ओळ मिळाली आणि तीही मी चुकीची सांगितली. बाटलीवरच्या त्रिकोणाचंही तसंच. लाल, पिवळा, निळा, हिरवा हा रंग औषध माणसाला किती विषारी ते सांगतो. पिकाला काय होईल ते तो सांगत नाही. मी हे आजवर कधी फोडून सांगितलं नव्हतं.

काकांच्या पंपाची नळी मी बदलायला लावली, रबराचे वायसरही. बाकीचा पंप आम्ही दोघांनी मिळून धुतला, हातात रबरी मोजे घालून, कारण धुतानाही औषध अंगावर येतंच. जागा ज्वारीच्या वावरातली, विहीर आणि नाल्यापासून लांब. तणनाशकाचं धुवण ज्या पिकावर ते औषध चालतं त्याच पिकात पसरून जावं, एका जागी ओतू नये. आधी अर्धी टाकी पाणी घेऊन ते सगळं नोझलमधून बाहेर काढलं. मग टाकी काठोकाठ भरून त्यात दीडशे ग्रॅम धुण्याचा सोडा आणि मूठभर कपड्यांची पावडर घातली, थोडं नोझलमधून येऊ दिलं म्हणजे नळी आणि दांडी त्या पाण्याने भरली, आणि पंप रात्रभर तसाच ठेवला. जाळी, नोझल, झाकणाची चकती वेगळी काढून त्याच पाण्याच्या टोपल्यात बुडवली. सकाळी सोड्याचं पाणी नोझलमधून काढलं, सुटे भाग जुन्या दातांच्या ब्रशने घासले, विशेषतः जाळीची कड, आणि मग दोनदा साधं पाणी, तेही नोझलमधूनच. शेवटचं पाणी पुन्हा टोमॅटोच्या तीन रोपांवर मारलं. तीन दिवस थांबलो. रोपं ताठ राहिली.

एवढं करूनही मी काकांना म्हटलं की हा पंप आता तणनाशकाचाच ठेवा. त्यांनी त्याला लाल रंगाचा पट्टा मारला. दुसरा पंप घ्यायला पैसे कुठून, हा प्रश्न त्यांनी विचारला नाही, पण तो होताच. कपाशीवरच्या फवारणीला त्यांनी उरलेला हंगाम गड्याचाच पंप भाड्याने घेतला.

पिकाचं म्हणाल तर उतारा असा नाही. जास्त बिघडलेल्या पट्ट्यांतले शेंडे खुडायला सांगितले, दोन टक्के युरियाची फवारणी दिली, दहा लिटरला दोनशे ग्रॅम. फिक्या पट्ट्यांनी सप्टेंबरात नवी, नीट पानं काढली आणि बोंडंही धरली, पण उशिरा. पहिल्या चार तासांना वेचणीला बाया गेल्याच नाहीत. पीक विम्यात हे नुकसान बसत नाही, कारण ते निसर्गाने केलेलं नाही. मी अहवालात खरं तेच लिहिलं, पंपातल्या उरलेल्या तणनाशकामुळे. 'शेतकऱ्याने पंप धुतला होता' हेही लिहिलं. वरून विचारणा झाली की हे वाक्य कशाला. मी ते काढलं नाही.

शेजाऱ्याकडे मी स्वतः गेले. डबे नेले, तासांचा कागदावर काढलेला नकाशा दाखवला. त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "मॅडम, हे तुमी मले काहून सांगता? पारावर सांगा." ते बरोबर बोलले. पुढच्या शनिवारी शेतीशाळा मुद्दाम पारावरच घेतली. पंप कसा धुवायचा ते नळी कापून दाखवलं, आणि काकांचं वावर शेजाऱ्याच्या फवाऱ्याने गेलं नाही, असं नाव घेऊन सांगितलं. पंप धुण्याचं चुकीचं मीच सांगितलं होतं, हेही. काका मागे उभे होते. बोलले काहीच नाहीत, पण कापलेली नळी पुढे येऊन हातात घेतली आणि शेजाऱ्याकडे वास घ्यायला दिली. दोघांचं बोलणं त्यानंतर सुरू झालं का, ते मला माहीत नाही. दिवाळीपर्यंत तरी मी त्यांना एका ओसरीवर पाहिलं नव्हतं.

उरलेल्या सहा गावांत मी तेच 'तीनदा' सांगून आलेली आहे. कुठे चाळीस माणसं होती, कुठे पंधरा. हजेरीच्या सह्या आहेत माझ्याकडे. त्या वह्या काढून मी एकेका गावात परत जाते आहे. सोबत कापलेली नळी, धुण्याचा सोडा आणि टोमॅटोच्या रोपांचे दोन डबे. चार गावं झाली. दोन राहिली आहेत, आणि ज्वारीच्या फवारणीच्या आत ती करायची आहेत.