तुम्ही विचारलंत म्हणून: सातशेची कॉन्फरन्स दीडशेवर का आणली

‘सातशे माणसं यायची, हॉल भरायचा, प्रायोजक मागे लागायचे. मग असं काय झालं?’ वाशी स्टेशनच्या पुलावर विचारून झालं, भाच्याच्या मुंजीत विचारून झालं, दाताच्या डॉक्टरांनी तर माझं तोंड उघडं असताना विचारलं. दरवेळी ‘दर्जासाठी हो’ म्हणून सुटका करून घेत आले. मी भरवते ती सॉफ्टवेअरवाल्यांची कॉन्फरन्स लहान का केली, ते आता एकदाच सगळं सांगते.

शेवटच्या मोठ्या वर्षी महापेच्या एका कंपनीतली एक मुलगी बोलणार होती. आयुष्यात पहिल्यांदाच. विषय तिच्याच ऑफिसातला: एका रविवारी रात्री त्यांच्या पोस्टग्रेस या डेटाबेसनं नवीन काही लिहून घ्यायलाच नकार दिला. त्यात प्रत्येक व्यवहाराला ३२ बिटांचा क्रमांक मिळतो. व्हॅक्यूम नावाच्या साफसफाईच्या कामानं जुने क्रमांक वेळच्या वेळी गोठवले नाहीत, म्हणजे ‘हे जुनेच’ असा शिक्का मारला नाही, तर २०० कोटींच्या पुढे जुनं कुठलं नि नवं कुठलं हेच कळेनासं होईल. म्हणून त्याआधीच डेटाबेस हात वर करतो. हे पुस्तकात मिळतं. पण व्हॅक्यूम रोज चालत असूनही त्यांचे क्रमांक का गोठत नव्हते, ते फक्त तिला माहीत होतं.

तिच्या आधी प्रायोजक कंपनीचे साहेब होते. वीस मिनिटं दिलेली, पन्नास घेतली. ‘फक्त दोन स्लाइड’ असं तीनदा म्हणाले. एकला केटररचे काउंटर उघडणार, सहाला हॉल परत द्यायचा. तिच्या चाळीस मिनिटांतली उरली दहा. ती घाईघाईनं त्या रविवारपर्यंत आली, म्हणाली, ‘व्हॅक्यूम चालवला, तरी आकडा हलेना. कारण...’ आणि समोर मी उभी, हातात ‘वेळ संपली’चा कागद. तिनं तो वाचला. ‘बाहेर भेटून सांगते,’ म्हणाली. लोक हसले आणि जेवायला पळाले.

बाहेर कोण भेटणार? बाहेर चाक फिरवून टी-शर्ट जिंकायची रांग होती. पनीरच्या भांड्यापाशी तिनं मला एकटीला सांगितलं: कोणीतरी कधीकाळी एक प्रीपेअर्ड ट्रान्झॅक्शन, म्हणजे पक्का करायला तयार ठेवलेला व्यवहार, अर्धवट सोडून दिलेला, त्याच्या पुढचं काहीच गोठत नव्हतं. तो शोधून रोलबॅक, म्हणजे रद्द केला, पुन्हा व्हॅक्यूम, सुटलं. मला डेटाबेसमधलं फार कळत नाही. ज्यांना कळतं ते चाक फिरवत होते.

मी काय करायला हवं होतं? माइक हिसकावायचा? हॉलचं भाडं त्याच साहेबांच्या कंपनीनं भरलेलं. तिला मी नंतर मेल केली, ‘पुढच्या वर्षी पूर्ण वेळ देते’. उत्तर आलं नाही.

म्हणून आता एकच हॉल, एका वेळी एकच भाषण, चाळीस मिनिटं बोलणं आणि वीस प्रश्नांना. प्रस्ताव नावं झाकून वाचतो. निवडलेल्यांकडून आधी तालीम करून घेतो, अगदी मोठ्या पदावरच्यांकडूनही; काही जण तिथेच रागावून गळतात, गळू देत. प्रायोजकाचं नाव भिंतीवर, माइक नाही. मग प्रायोजक उरतात किती, ते तुम्हीच ताडा. तिकीट वाढलं, त्यावर १८ टक्के जीएसटी. दिवस शनिवारचा, कारण रविवारी मेगाब्लॉक असला की ठाण्याचा माणूस वाशीला पोचेपर्यंत पहिलं भाषण संपतं.

‘ब्रुसेल्सची फॉस्डेम, मुक्त सॉफ्टवेअरवाल्यांची ती कॉन्फरन्स, फुकट असते, नोंदणीसुद्धा लागत नाही,’ हे मला ऐकवू नका. मीच ते व्यासपीठावरून ऐकवत असे. ‘ज्ञानाला तिकीट कसलं?’ म्हणून टाळ्या घेतल्यात मी. पण तिथे विद्यापीठ आपलं आवार देतं. इथे कॉलेजही सभागृह देतं, नाही असं नाही. त्याबरोबर दीपप्रज्वलन, प्राचार्यांचं मनोगत, विश्वस्तांना शाल-श्रीफळ, आणि अकरा वाजता पहिला वक्ता.

तरी ती टाळ्या घेणारी बाई माझ्याशी अजून भांडते. तिचं म्हणणं, पनवेलच्या पलीकडून दरवर्षी बस भरून पोरं आणणारे एक सर होते, त्यांचं काय? त्या गर्दीत मागच्या खुर्चीत बसून एखाद्या पोरानं पहिल्यांदा पोस्टग्रेस हे नाव ऐकलं असेल, ते कुठल्या दर्जात मोजलंस? मी म्हणते, बसमधली निम्मी पोरं हजेरीसाठी यायची. ती म्हणते, आणि उरलेली निम्मी? इथे मी विषय बदलते.

यंदा विद्यार्थ्यांसाठी काही जागा फुकट ठेवल्यात. सरांना फोन केला, दहा नावं पाठवा म्हटलं. ते म्हणाले, ‘मॅडम, बस पन्नासची आहे. दहा कोण ते तुम्ही ठरवा आणि वर्गात येऊन तुम्हीच सांगा.’ पुढच्या आठवड्यात जायचंय. काय सांगणार ते अजून ठरलेलं नाही.