नुसतं बघतेय

कपड्यांच्या दुकानात शिरल्याशिरल्या माझ्या तोंडून निघणारं पहिलं वाक्य म्हणजे "नुसतं बघतेय". कधीकधी तर समोरच्याने काही विचारलेलंही नसतं, बिचाऱ्याने फक्त मान वर केलेली असते, आणि मी गुन्हा कबूल केल्यासारखी बोलून मोकळी. पण हे वाक्य दुकानागणिक वेगळं लागू पडतं हं. मला तर आता वाटतं की दुकान कुठल्या प्रकारचं आहे हे ओळखायला पाटी, लाइटिंग, एसी काही बघायची गरज नाही, हे वाक्य टाकायचं आणि पुढे काय होतं ते बघायचं.

मुळात नुसतं बघणं हा काही कुणाचा जन्मसिद्ध हक्क नव्हता. पूर्वी युरोपात दुकानात पाऊल टाकलं की काहीतरी घेऊनच बाहेर पडायचं अशी अपेक्षा असायची, माल कपाटात, भाव दुकानदाराच्या डोक्यात, आणि तोही गिऱ्हाईकाचं तोंड बघून ठरणारा. पॅरिसच्या 'बाँ मार्शे' या दुकानात १८५२ साली आरिस्तीद बुसिको भागीदार म्हणून आला आणि त्याने हे सगळं फिरवलं. भावाची चिठ्ठी मालावरच, तो सगळ्यांना सारखा, आत या, फिरा, हात लावून बघा, नाही घेतलं तरी चालेल, आणि घेतलेलं नाही आवडलं तर परत आणा. आज यात विशेष काहीच वाटत नाही ना? तेच तर. हॅरी सेल्फ्रिजचा पण एक किस्सा सांगतात. शिकागोच्या मार्शल फील्ड या मोठ्या दुकानात मुरलेला हा माणूस लंडनला एका दुकानात गेला, काय हवंय विचारल्यावर म्हणाला नुसतं बघतोय, तर त्याला चक्क बाहेरचा रस्ता दाखवला. किस्सा खरा की नंतर रंगवलेला देव जाणे, पण १९०९ मध्ये त्याने ऑक्सफर्ड स्ट्रीटवर स्वतःचं एवढं मोठं दुकान उघडलं आणि लोकांना नुसतं बघायलाच बोलावलं, हे मात्र खरं. सूड असा घ्यावा.

त्यामुळे डिपार्टमेंट स्टोअरमध्ये मी निर्धास्त असते. तिथे "नुसतं बघतेय" म्हटलं की समोरची मुलगी हसून दुसरीकडे वळते, तिला ठाऊक असतं की बाकीचं काम इमारत करणार आहे. तुम्ही कधी नीट बघितलंय का, पुष्कळ ठिकाणी वर नेणारा सरकता जिना जिथे सोडतो तिथून पुढचा सुरूच होत नाही, अर्ध्या मजल्याला वळसा घालावा लागतो, आणि त्या वळशात बरोब्बर बॅगा नाहीतर स्वेटर मांडलेले असतात. मोजे आणायला गेलेली मी, दीड तासाने बाहेर येते ती मोजे सोडून सगळं घेऊन.

बुटीकमध्ये मात्र माझं अवसान गळतं. एका दांडीवर मोजून सात कपडे, दोन हँगरमध्ये चार बोटांचं अंतर, आणि शांतता इतकी की स्वतःच्या चपलांचा आवाज अपराध्यासारखा वाटावा. "नुसतं बघतेय" म्हटलं की "हो हो, बघा ना निवांत" असं उत्तर येतं आणि मग ती बाई निवांत तुमच्याकडे बघत बसते. भावाची चिठ्ठी बाहीच्या आत खोल कुठेतरी, ती बाहेर काढताना आपण काय बघतोय हे तिलाही कळतं आणि तिला कळलंय हे आपल्यालाही. मग मी शिवणीवरून बोट फिरवत "कापड छान आहे" असं काहीतरी पुटपुटते आणि घड्याळ बघून बाहेर. खरं तर फ्रेंचमध्ये बुटीक म्हणजे साधं दुकान, हा एवढा थाट त्या शब्दात नाहीच. मेरी क्वांट या फॅशन डिझायनरने १९५५ साली लंडनच्या किंग्ज रोडवर 'बझार' नावाचं बुटीक उघडलं ते तर जोरात गाणी लावून, तरुण पोरींनी घोळक्याने आत घुसावं म्हणूनच. ते वातावरण कुठे गेलं कुणास ठाऊक.

फास्ट फॅशनवाल्या दुकानात हे वाक्य ऐकायलाच कुणी नसतं. (मी एकदा पुतळ्याला म्हटलंय.) आपणच शोधा, आपणच साइज काढा, आपणच ट्रायल रूमची रांग लावा. पण बघत बसण्यातला धोका इथेच सगळ्यात जास्त, कारण झारासारख्यांकडे आठवड्यातून दोनदा नवा माल येतो, एकेका डिझाइनचे नग कमी, म्हणजे आज नुसतं बघितलं तर पुढच्या आठवड्यात बघायलाही मिळेल याची खात्री नाही. हे डोक्यात पक्कं बसलं की माणूस विचार करायचा थांबतो. या पठडीतल्या एका दुकानातून मी मोहरीच्या रंगाचा कोट असाच झटक्यात उचलला होता, अजून कपाटात आहे, चिठ्ठीसकट.

आउटलेटमध्ये तर बघणं म्हणजे जुगारच. बॉस्टनला फायलीन्स या दुकानाचं स्वस्त मालाचं तळघर होतं, १९०९ पासूनचं, तिथला नियम लई भारी, माल १२ दिवस पडून राहिला की पाव किंमत कमी, १८ दिवसांनी निम्मी, २४ दिवसांनी पाऊण, आणि ३० दिवसांनीही तसाच राहिला तर दान. म्हणजे आवडलेला झगा रोज जाऊन नुसता बघायचा आणि आपल्याआधी कुणाचा धीर सुटतोय याची धास्ती घ्यायची. आजकालच्या आउटलेटात तेवढी मजा नाही, बरेच ब्रँड आउटलेटसाठी वेगळा माल बनवतात, 'उरलेलं' म्हणून आपण जे खुशीत उचलतो ते पुष्कळदा कुठे उरलेलं नसतंच.

ऑनलाइनचं काय बोलायचं, तिथे तोंड न उघडताच नोंद होते.

मला सगळ्यात आवडतात सेकंडहँड दुकानं, तिथे बघण्यासारखं खरंच काही असतं. मागे एक पांढरा शर्ट हातात आला, वरून चौथं बटण वेगळंच, बाकीच्यांची शिलाई मशीनची, दोन समांतर रेघा, याला मात्र निळ्या दोऱ्याची फुली आणि मागे ही एवढी गाठ. घाईत लावलेलं असणार, अंगात शर्ट असतानाच बहुतेक. मी तो घेतला नाही, पण दहा मिनिटं बघत उभी होते आणि कुणी काहीही विचारलं नाही.

आणि मग एका दुपारी मैत्रिणीने तिचं बुटीक तासभर सांभाळायला दिलं. एक बाई आल्या, मी नुसती मान वर केली, त्या म्हणाल्या, "नुसतं बघतेय." मी म्हटलं, "हो हो, बघा ना निवांत." आणि त्यांच्यामागून चार पावलांवर फिरायला लागले, त्यांनी सरकवलेला प्रत्येक हँगर परत चार बोटांवर आणत. त्या गेल्यावर बघितलं तर एका हँगरचा आकडा उलटा अडकवलेला. तो पण सरळ केला.