साइक्स, 1832

सुप्याकडच्या माळावरच्या सर्व्हेचा रिपोर्ट द्यायचा होता म्हणून पक्ष्यांची यादी एक्सेलमध्ये भरत बसलेलो. शास्त्रीय नावापुढे त्या जातीचं वर्णन कोणी केलं आणि कधी, असा एक कॉलम असतो, एरवी तिथे कोण बघतंय, कॉपी-पेस्ट करून मोकळं व्हायचं. त्या दिवशी सहज फिल्टर लावला तर राखी वटवट्या, साधा वटवट्या, वंचक, मोठा सातभाई, तो तुरेवाला लालसर चंडोल, सगळ्यांपुढे साइक्स, 1832. म्हटलं हा बाबा आहे तरी कोण?

मग काय, रिपोर्ट राहिला बाजूला. कर्नल विल्यम हेन्री साइक्स, जन्म 1790, पोरवयातच ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबईच्या फौजेत, 1805ला भरतपूरच्या वेढ्यात आणि 1817ला खडकीला, म्हणजे पेशव्यांच्या विरुद्ध बाजूने. ते वाचून जरा खट्टू झालो, खोटं कशाला बोलू. पण 1824ला त्यालाच दख्खनचा स्टॅटिस्टिकल रिपोर्टर नेमलं. माणसं मोजा, पिकं, मजुरी, बाजारभाव लिहा, असलं काम, आणि हा गडी ते करता करता पक्षी, मासे, हवेचा दाब सगळंच टिपत सुटला. मुळा-मुठेतला खुदरी महसीर मासाही शास्त्रात त्यानेच आणला, 1839ला. सातभाईला नाव दिलं मुंबईचा गव्हर्नर माल्कम याचं, साहेबाला खूष ठेवायची रीत तेव्हाही होतीच! पुढे कंपनीचा चेअरमन झाला, खासदार झाला, ते मी भरभर वाचलं.

मला अडकवलं ते वेगळ्याच गोष्टीने. त्याला पगार होता सरकारला मुलखाचे आकडे पुरवायचा आणि मला मिळतो तो कोणाला तरी माळावर बांधकामाची परवानगी हवी असते म्हणून, पैसे देणाऱ्याला पक्ष्यांचं काही पडलेलं नाही, ना तेव्हा ना आता.

तेवढ्यात सरांचा फोन, झालं का रे? म्हटलं सर, साइक्स वाचतोय. ते म्हणाले वाच, पण ऑफिस टाइममध्ये नको.

रिपोर्टच्या सुरुवातीला मी चार ओळी घातल्या, की यातल्या बऱ्याच जातींची पहिली शास्त्रीय नोंद दख्खनमधूनच झालीय. सरांनी ठेवल्या, क्लायंटने उडवल्या, पानं वाढतात म्हणे. आता सासवडच्या साइटचा रिपोर्ट चालू आहे, त्यात त्याच चार ओळी परत टाकल्यात, या वेळी थेट टेबलाखाली टीप म्हणून, तिथलं सहसा कोणी वाचत नाही.